ताफ्त्याचे आकाशगमन

रेशमी वस्त्रांमध्ये ताफ्त्याची ओळख डोळ्यांच्या आधी कानांना पटते. तो नेसणारी व्यक्ती दोन पावले चालली की त्याची सळसळ ऐकू येते. फारसीतील ‘ताफ्ता’ या शब्दाचा अर्थ पीळ घातलेले, विणलेले. हेच नाव युरोपात जाऊन ‘टॅफेटा’ झाले. याची वीण अगदी साधी. आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून आणि पुढच्याच्या खालून जातो. परंतु पीळदार रेशमाचे हे धागे इतके दाट बसविलेले असतात की कापड वजनाला हलके राहूनही ताठ होते. उभे आणि आडवे धागे भिन्न रंगांचे घेतले, तर पैठणीवर दिसते तशी धूपछाँव त्यावर खेळू लागते. अठराव्या शतकात फ्रान्समधील श्रीमंत स्त्रियांचे घेरदार पोशाख या कापडाचे होत, ते या गुणांमुळेच.

१७८३ साली याच वस्त्रावर एक निराळीच जबाबदारी येऊन पडली. त्या वर्षीच्या जूनमध्ये मोंगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा उडवून दाखविला होता. पॅरिसमधील जाक शार्ल यांनी हायड्रोजन वापरण्याचे ठरविले. हा वायू अत्यंत हलका, पण बारीकशा छिद्रातूनही निसटणारा. जाड कापड घ्यावे, तर फुगा जड होणार. पातळ घ्यावे, तर वायू टिकणार नाही. रॉबेर बंधूंनी ताफ्ता निवडला आणि टर्पेंटाइनमध्ये विरघळविलेल्या रबराचा लेप त्यावर चढविला. लोखंडावर गंधकाम्ल ओतून वायू तयार करण्यात आला.

२७ ऑगस्ट रोजी हा फुगा पॅरिसहून उडाला आणि गोनेस गावाजवळ उतरला. आकाशातून आलेला हा राक्षसच, असे समजून भेदरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. लोकांची भीती घालविण्यासाठी सरकारला जाहीर पत्रक काढावे लागले.

मात्र खरी कसोटी १ डिसेंबरला लागली. या वेळी फुग्याखालच्या पाळण्यात शार्ल आणि निकोला-लुई रॉबेर स्वतः बसले होते. दोन जिवांचा भार आता त्या विणीवर होता. सुमारे दोन तासांनी ते नेल येथे सुखरूप उतरले. नंतर शार्ल एकटेच पुन्हा वर गेले आणि जवळजवळ तीन हजार मीटर उंची गाठून परतले. कानातील असह्य वेदनांमुळे त्यांना उतरावे लागले. पुढे ते कधीच उडाले नाहीत. कापडाने दगा दिला नव्हता. मानवी देहाचीच मर्यादा आड आली होती.

आज नायलॉन आणि पॉलिएस्टरचाही ताफ्ता विणला जातो. छत्र्यांसाठी आणि कपड्यांच्या अस्तरांसाठी तो वापरतात. धागा बदलला, तरी एकवर-एकखाली ही दाट वीण तीच राहिली आहे. मेजवानीच्या दालनात शोभेची ठरलेली ही वीण माणसाला आकाशात तोलून धरण्याइतकी भरवशाची होती, हे तिला लेप देऊन फुगविल्यावाचून कोणाच्या ध्यानी आले नसते.