दोन पानं आणि मधली घडी : संगीत मासिकाच्या मांडणीचा इतिहास आणि विद्यार्थ्याच्या चार डमी

मागच्या व्याख्यानात आपण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाबद्दल बोललो. आज मासिकाच्या आत शिरायचं आहे. विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे. संगीत मासिकातला मुख्य लेख जिथे उघडतो, ती समोरासमोरची दोन पानं. छापखान्यात याला डबल स्प्रेड म्हणतात. ही दोन पानं घडत कशी गेली, आणि एखादा विद्यार्थी ती करायला बसतो तेव्हा त्याला काय काय खोडावं लागतं, हे आज बघू.

विद्यार्थ्याचंच नाव का घेतलं, तर त्याला एक कारण आहे. इंग्लंडमध्ये २००८ पासून काही वर्षं ओसीआर या परीक्षा मंडळाच्या मीडिया स्टडीजच्या अभ्यासक्रमात एक प्रकल्प असे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी आधी सरावासाठी शाळेच्या मासिकाचं मुखपृष्ठ करायचं. मग एका नव्या, काल्पनिक संगीत मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक डबल स्प्रेड करायचा. मजकूर स्वतःचा, फोटो स्वतः काढलेले, आणि ते किमान चार. शंभर गुणांपैकी साठ तयार कामाला, वीस पूर्वतयारीला आणि वीस स्वतःच्या कामाच्या परीक्षणाला. परीक्षणातला शेवटचा प्रश्न असा होता, की सरावाच्या पानांपासून इथवर येताना तुम्ही काय शिकलात. म्हणजे बघा, आधीचा कच्चा प्रयत्न फेकून द्यायचा नाही; तो जपून ठेवायचा आणि त्याच्याकडे बोट दाखवून बोलायचं. आम्हाला हे फार शहाणपणाचं वाटलं आणि आम्ही दोघा शिक्षकांनी आमच्या वर्गात हा अभ्यास मराठीत करून घ्यायला सुरुवात केली. त्याकडे शेवटी येऊ. आधी इतिहास.

दोन पानं म्हणजे एकच पट, ही कल्पना संगीत मासिकांची नाही, ती फॅशनच्या मासिकांतून आली. अलेक्सी ब्रोडोविच हा रशियातून आलेला कलासंचालक १९३४ ते १९५८ न्यूयॉर्कच्या ‘हार्पर्स बाझार’मध्ये होता. तो पानांच्या प्रती जमिनीवर पसरायचा आणि त्यांचा क्रम पुन्हा पुन्हा बदलत बसायचा. फोटो एका पानावरून दुसऱ्या पानावर वाहत नेणं, मोठी पांढरी जागा तशीच सोडणं, हे त्याने रुळवलं. मांडणी एका झटक्यात सुचत नाही, ती हलवून हलवून सापडते, हे त्याच्या पद्धतीतूनच दिसतं.

पण या दोन पानांच्या मध्ये एक घडी आहे. तिला गटर म्हणतात. पिनअप केलेल्या मासिकात फक्त बरोबर मधली दोन पानं एका सलग कागदावर छापलेली असतात. बाकी कुठलीही जोडी घ्या, डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्या. छपाईत, कापणीत थोडं इकडेतिकडे झालं की चित्र जुळत नाही. शिवाय बांधणीत घडीजवळचा भाग आत ओढला जातो. पडद्यावर ही घडी दिसत नाही, म्हणून नवशिक्याला ती कळत नाही. ती कळते पहिली प्रिंट काढून दुमडली की.

आता संगीताकडे. लंडनचं ‘मेलडी मेकर’ १९२६ साली निघालं, ते मुळात नाचाच्या बँडमधल्या वादकांसाठी. १९५२ साली ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’, म्हणजे एनएमई आलं. १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात त्यांनी दुकानांना फोन करून जमवलेली खपाची यादी छापली आणि ब्रिटनमधली पहिली सिंगल्सची क्रमवारी तयार झाली. ही पत्रं दिसायला वर्तमानपत्रंच होती. अरुंद रकाने, बातम्या, जाहिराती, स्वस्त कागद. लेख उघडतो, असं दृश्य तिथे फारसं नव्हतं. लेख सुरू व्हायचा आणि संपायचा.

९ नोव्हेंबर १९६७ तारखेचा ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोत निघाला. मुखपृष्ठावर सैनिकाच्या वेशातला जॉन लेनन. कागद वर्तमानपत्राचाच, पण दुमडून मासिकासारखा केलेला. शीर्षाक्षरं पोस्टर काढणाऱ्या रिक ग्रिफिनने रेखाटलेली, आणि गंमत अशी, की ते त्याचं कच्चं रेखाटन होतं. तेच छापलं गेलं. खर्डा आणि अंतिम यांच्यातली रेघ कधी कधी अशी मुद्रणाच्या तारखेने ठरते!

खरी उलथापालथ झाली ती मे १९८० नंतर. निक लोगन हा एनएमईचा माजी संपादक. ‘स्मॅश हिट्स’ त्यानेच १९७८ साली सुरू केलेलं. त्याने ‘द फेस’ हे मासिक काढलं. १९८१ ते १९८६ तिथे नेव्हिल ब्रॉडी होता. हा माणूस लंडन कॉलेज ऑफ प्रिंटिंगमध्ये शिकला, पंकच्या ऐन भरात. टपालाच्या तिकिटाच्या एका अभ्यासात त्याने राणीचं डोकं आडवं ठेवलं आणि कॉलेजातून काढून टाकण्यापर्यंत वेळ आली. शिक्षकांचं म्हणणं, असलं काम बाजारात चालणार नाही. पाचसहा वर्षांत बाजार त्याचीच नक्कल करत होता.

ब्रॉडीचा एक प्रयोग आम्ही वर्गात नेहमी सांगतो. ‘द फेस’च्या अनुक्रमणिकेवर ‘कंटेंट्स’ हा शब्द असायचा. तो त्याने अंकागणिक थोडा थोडा मोडत नेला. शेवटी अक्षर म्हणून तो वाचता येत नव्हता, तरी वाचकाला कळत होतं की ही अनुक्रमणिका. कारण वाचक दर महिन्याला बरोबर चालत आला होता. मोडतोड चालली, कारण आधी सवय होती. आणि पुढचं अधिक महत्त्वाचं आहे. त्याच्या अक्षरांची सगळीकडे नक्कल व्हायला लागल्यावर, १९८६ साली निघालेल्या ‘अरेना’ मासिकात तोच ब्रॉडी साध्या हेल्व्हेटिकाकडे वळला. स्वतःचंच काम त्याने खोडलं म्हणा ना.

तोवर हत्यारंही बदलत होती. ब्रॉडीच्या पिढीने अक्षरं हाताने काढली, कापली, चिकटवली. आपल्याकडेही ब्रोमाइड कापून पेस्टिंग करणारे लोक अजून आहेत, त्यांना हे सांगायला नको. १९८४ साली मॅकिंटॉश आला, १९८५ साली पेजमेकर. दुरुस्ती स्वस्त झाली. पूर्वी मथळा दोन ओळी खाली सरकवायचा तर पुन्हा कापाकापी. आता माऊस ओढला की झालं. दुरुस्ती स्वस्त झाल्याने विचारही जास्त होतो का? आमचा अनुभव असा, की हात जास्त चालतो. विचारासाठी थांबावंच लागतं.

या नव्या हत्यारांच्या काळातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे डेव्हिड कार्सन. समाजशास्त्राचा पदवीधर, काही काळ शिक्षक, आणि पट्टीचा सर्फर. १९९२ साली कॅलिफोर्नियात ‘रे गन’ निघालं आणि पहिली तीन वर्षं त्याची मांडणी कार्सनची. एकावर एक चढलेल्या ओळी, पानाबाहेर निसटणारे मथळे. १९९४ साली त्याच्याकडे गायक ब्रायन फेरीची मुलाखत आली. कार्सनला ती कंटाळवाणी वाटली. त्याने ती पूर्ण मुलाखत झाप्फ डिंगबॅट्स या चिन्हांच्या फाँटमध्ये लावून टाकली. एक अक्षर वाचता येत नव्हतं! वाचनीय मजकूर त्याच अंकात मागे दिला होता, हे मात्र सांगताना लोक विसरतात.

आता आमच्या वर्गात या. एका विद्यार्थिनीने विषय निवडला तिच्या भागातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या बाईंचा. दीड तासाची मुलाखत, साठेक फोटो. तिच्या चार डमी झाल्या, आणि त्या चारही आम्ही आजपर्यंत ठेवल्या आहेत.

पहिल्या डमीत पाच फाँट होते आणि बाईंचा चेहरा बरोबर घडीत. दुमडल्यावर नाकच गेलं. सगळा वर्ग हसला, ती पण हसली. हे सगळ्यांचं होतं.

दुसरी डमी कार्सनकडे बघून केलेली. मथळ्याची अक्षरं लांब लांब सोडलेली. रोमनमध्ये हे चालतं, कारण तिथे अक्षरं मुळात सुटी असतात. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द तुकडे तुकडे होऊन पडतो. आपल्याकडे मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे इंग्रजी मासिकं सगळी कॅपिटल अक्षरं वापरून जो जोर आणतात, तो आपल्याला जाडी, आकार आणि जागा यांतूनच आणावा लागतो. आणि ओळींमध्ये जास्त जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन टेकतो. नक्कल केलेली गोष्ट आपल्या लिपीत कुठे अडते, हे तिला त्या डमीत कळलं.

तिसरी डमी सुरेख होती. डाव्या पानावर अंधारात खाली बघणाऱ्या बाई. उजवीकडे तीन रकाने, आणि मध्ये मोठ्या अक्षरात त्यांचंच एक वाक्य : “दोन वर्षं मी पखवाजाला हात लावला नाही.” आम्ही दोघांनी तिला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले. भिंतीवर लावली.

मग तिने ती प्रिंट बाईंना नेऊन दाखवली. बाईंनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “बाळा, हे मी बोलले. पण असं नाही बोलले.” त्यांचं पूर्ण वाक्य होतं, “आई आजारी होती म्हणून दोन वर्षं मी पखवाजाला हात लावला नाही, पण बोल डोक्यात चालूच होते, पोळ्या लाटताना पण.” अर्ध्या वाक्यात त्या पखवाज सोडलेली बाई झाल्या होत्या. गावात आता हेच बोलणार, असं त्यांना वाटलं. मजकुरात पुढे पूर्ण वाक्य होतं की! पण मोठ्या अक्षरातलं वाक्य सगळे वाचतात आणि मजकूर थोडे वाचतात. हे आम्ही दोघं वर्षानुवर्षं शिकवत होतो आणि तरी ते आमच्या लक्षात आलं नाही. एकही अक्षर खोटं नव्हतं. खोटं होतं ते अक्षराच्या आकारात, आणि त्याला आम्ही गुण दिले होते.

वर्गात वाद झाला. एक मुलगा म्हणाला, मुलाखत आधी दाखवायची नसते, मग पत्रकारिता कसली? मुद्दा चुकीचा नाही. मंत्र्याची मुलाखत असेल तर आम्हीही तेच म्हणू. दुसरी म्हणाली, कार्सनने तर अख्खी मुलाखत घालवली, त्याचं कौतुक करता आणि हिची एक ओळ कापली तर चूक? यावर आम्हाला थांबून विचार करावा लागला. आमचं उत्तर असं : ब्रायन फेरीकडे बोलायला आणखी शंभर जागा होत्या आणि त्याचे शब्द मागच्या पानावर शाबूत होते. या बाईंबद्दल बहुधा ही दोनच पानं छापली जाणार. ज्याला दुसरी जागा नाही, त्याच्या बाबतीत मांडणी करणाऱ्याचा हात जड पडतो.

चौथी डमी अशी झाली. पूर्ण वाक्य, तीन ओळींत, आधीपेक्षा निम्म्या आकारात. अंधारातला फोटो गेला. त्याऐवजी पखवाज आडवा, दोन्ही पानांवर पसरलेला. डाव्या पानावर धुमेकडचा हात, ताजी कणिक लावताना. उजव्या पानावर शाईच्या पुडीवरचा हात. मधली घडी येते ती खोडावर, वाद्या आणि गठ्ठ्यांवर. तिथे थोडं आत ओढलं गेलं तरी काही बिघडत नाही. पहिल्या डमीतली घडीची अडचणही तिथेच सुटली. दिसायला ही डमी तिसरीइतकी नाट्यमय नाही, हे आम्ही मान्य करतो. बाईंनी मात्र तिची एक प्रत मागून घेतली.

म्हणून त्या ब्रिटिश परीक्षेतला शेवटचा प्रश्न आम्हाला मोलाचा वाटतो. इतिहासात आपल्याला अंतिम पानं मिळतात. ‘द फेस’ मिळतो, ‘रे गन’ मिळतो. त्यासाठी खोडलेलं बहुतेक मिळत नाही. विद्यार्थ्याकडे ते असतं. ते ठेवा. तारीख घालून ठेवा. आमच्या भिंतीवर आता तिसरी आणि चौथी डमी शेजारी शेजारी आहेत, आणि तिसरीवर आम्ही दिलेले गुण तसेच लाल शाईत आहेत. ते खोडलेले नाहीत.

पुढच्या व्याख्यानात रेकॉर्डच्या वेष्टनांकडे वळू. आज इथे थांबतो.