कुक्कुटांतील प्रतिजैवरोधी सूक्ष्मजंतू

कोंबड्या, टर्की इ. पाळीव पक्ष्यांच्या आतड्यांत राहणारे व प्रतिजैव पदार्थांच्या मारक क्रियेस दाद न देणारे सूक्ष्मजंतू. त्यांच्या प्रसाराचा इतिहास प्रामुख्याने पक्षिखाद्यात औषधे मिसळण्याच्या प्रथेशी निगडित आहे.

१९४९-५० मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत टी. एच. ज्यूक्स व ई. एल. आर. स्टोकस्टॅड हे ब१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त उगम शोधीत होते. ऑरिओमायसीन तयार केल्यावर उरणारा चोथा खाद्यातून दिल्यास कोंबडीची पिले झपाट्याने वाढतात, असे त्यांना आढळले. या वाढीचे कारण चोथ्यातील प्रतिजैवाचा अंश हे होते. १९५१ मध्ये अमेरिकेत असे पदार्थ पशुवैद्याच्या चिठ्ठीविना खाद्यात मिसळण्यास परवानगी मिळाली. त्याच वर्षी एम. पी. स्टार व डी. एम. रेनल्ड्स यांनी स्ट्रेप्टोमायसीन दिलेल्या टर्कींत त्या औषधास रोधी असलेले सूक्ष्मजंतू आढळल्याचे नोंदविले.

रोधक्षमता उत्परिवर्तनाने येते व केवळ वंशजांकडे जाते, अशी त्या वेळी समजूत होती. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी आमांशाच्या शिगेला जंतूंत व एश्चेरिकिया कोलायमध्ये या गुणधर्माची परस्पर देवघेव होते, असे दाखविले. ही जनुके गुणसूत्राहून वेगळ्या, वर्तुळाकार डीएनएवर म्हणजे प्लाझ्मिडावर असतात आणि दोन पेशींच्या संयोगात त्याची प्रत दुसरीकडे जाते. एकाच प्लाझ्मिडावर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात. त्यामुळे एका औषधाच्या वापराने इतर औषधांविरुद्धची रोधक्षमताही टिकून राहते.

एस. बी. लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मॅसॅचूसेट्समधील एका शेतावरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. टेट्रासायक्लीनयुक्त खाद्य सुरू केल्यापासून आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यांतील बहुतेक सर्व सूक्ष्मजंतू रोधी झाले. ५-६ महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या ३१·३% विष्ठा-नमुन्यांत रोधी जंतूंचे प्रमाण ८०% हून अधिक आढळले. शेजाऱ्यांच्या बाबतीत असे नमुने ६·८% होते.

ब्रिटनमधील स्वॉन समितीने १९६९ मध्येच मानवी उपचारांतील प्रतिजैवे वाढीसाठी वापरू नयेत, अशी शिफारस केली होती. स्वीडनने १९८६ मध्ये व यूरोपीय संघाने २००६ मध्ये हा वापर पूर्णपणे बंद केला. डेन्मार्कमध्ये १९९५ साली ॲव्होपार्सीनवर बंदी आल्यावर कोंबड्यांतील संबंधित रोधी जंतू लक्षणीय प्रमाणात घटले. डुकरांत मात्र ते टिकून राहिले. कारण त्याच प्लाझ्मिडावर टायलोसीन गटाच्या औषधांविरुद्धचे जनुकही होते आणि टायलोसीन १९९८ पर्यंत खाद्यात दिले जात होते.

२०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला. कोलिस्टीन या मानवी उपचारांतील अखेरच्या औषधांपैकी एका औषधाविरुद्ध प्लाझ्मिडावाटे पसरणारे हे पहिले ज्ञात जनुक असून ते डुकरे, कोंबडीचे मांस व रुग्ण या सर्वांत आढळले. भारताने २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टीनच्या वापरावर बंदी घातली. बंदीने रोधी जंतूंना मिळणारा लाभ थांबतो. परंतु रोधी जनुक ज्या प्लाझ्मिडावर असते, त्यावरील इतर जनुकांना अनुकूल असणारी औषधे चालू राहिल्यास तेही टिकून राहते.