हलवर्ण येथील पागेची पावसाळी बेगमी

चिपळूणजवळील हलवर्ण येथील पागेच्या जुमलेदारांस, हवालदारांस व कारकुनांस शिवाजी महाराजांनीं पाठविलेला रोखा अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराचें हें पत्र रयतेविषयींच्या कळवळ्याचें प्रमाण म्हणून वारंवार पुढें केलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु पत्राचा मूळ विषय पावसाळ्यांत घोडीं जगविणें हा होय. तो बाजूस सारला म्हणजे रयतेसंबंधींच्या आज्ञांचें इंगितहि हातचें जातें, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

थंड देशांत घोडीं हिवाळ्यांत छपराखालीं घ्यावीं लागतात. आमच्याकडे, विशेषतः कोंकणांत, तो काळ पावसाळ्याचा. सभासदाच्या बखरींत या काळाची नेहमींची व्यवस्था सांगितली आहे. पावसाळ्यास लष्कर छावणीस परत यावें, तेथें दाणा, रातीब, औषधें व गवतानें शाकारलेलीं घरें आधींच सिद्ध असावीं, आणि दसऱ्यास पुन्हां कूच व्हावें. पागेंत दर २५ घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असे.

हलवर्णास हा क्रम बिघडला होता. चिपळुणास कटकाचा मुक्काम पडल्यामुळें दाभोळच्या सुभ्यांत पागेसाठीं केलेला सांठा बराचसा आधींच खर्च झाला. शिवाय वैशाखांतले वीस दिवस पागेस अधिक बसून काढावे लागले. तेव्हां गडोगडींचा गल्ला देववून कशीबशी बेगमी करण्यांत आली. म्हणून आज्ञा अशी कीं, कारकून देतील तेवढाच दाणा घ्यावा, कोठारांत शिरून धुंदी करूं नये. रोज थोडें तरी खाण्यास मिळावें व हळूहळू घोडीं सशक्त व्हावीं. यांत काटकसर तर आहेच, पण अश्वपालनाचें ज्ञानहि आहे. घोड्याचें जठर लहान असतें. त्यास थोडें थोडें व वारंवार खावें लागतें. खंगलेल्या जनावरापुढें एकाएकीं भरपूर दाणा टाकल्यास पोटशूळ उठतो, खुरांचा दाह होतो.

दुसरें भय अग्नीचें. घोडीं बांधण्याचे खण लांकडाचे, आणि जवळच गवताच्या लहळ्या, म्हणजे गंजी. एका खणास आग लागली कीं सारे खण जावयाचे. मागाहून कुणब्यांच्या माना मारल्या तरी नव्या खणास एक लांकूड मिळावयाचें नाहीं, असें पत्रांत स्पष्ट बजाविलें आहे. चुली, शेकोट्या, तंबाखूचा विस्तव, इतकेंच नव्हे तर रात्रीं दिव्याची वात उंदीर ओढून नेईल हीहि शक्यता सोडलेली नाहीं. यासाठीं खाशांनीं स्वतः फिरून पाहावें, असा हुकूम आहे.

आतां रयतेकडे वळूं. शिपायांनीं कुणब्याचे दाणे, भाकरी, गवत, फांटे उचलले तर जीव धरून राहिलेला कुणबीहि निघून जाईल व मोगलांपेक्षां तुम्हींच अधिक असा तळतळाट होईल; खजिन्यांतून वांटणी पदरीं पडली आहे, तेव्हां लागेल तें बाजारांत विकत घ्यावें, असें महाराज लिहितात. येथें दया व व्यवहार यांची फारकत करतां येत नाहीं. पाऊस सरल्यावर गवत कापणारा कुणबीच. तो परागंदा झाला तर पुढील पावसाळ्यास लहळी कोण रचणार? घोडीं मेलीं तर तीं तुम्हींच मारलीं असें होईल, हा ठपका आणि रयतेच्या तळतळाटाचा इशारा एकाच रोख्यांत येतात, यास आमच्या मतें हेंच कारण आहे. घोडें व कुणबी यांचें खातें एकच होतें.

संग्राहकांस एक विनंति आहे. राजकारणाचीं पत्रें सर्वच जपतात. चंदीवैरणीच्या यादी, कोठीचे जमाखर्च, नालबंदाचे हिशेब मात्र किरकोळ म्हणून बाजूस पडतात व वाळवीच्या मुखीं जातात. वरील पत्राचे खरे सोबती तेच कागद होत. कोणत्याहि जुन्या दप्तरांत असें एखादें फाटकें पान आढळल्यास तें रद्दींत न टाकतां त्याची नक्कल तरी अवश्य करून ठेवावी.