डहाणू लोकलची मोटर आणि दीड कोटीची गाडी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा मनोरजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात थांबलो होतो. बाहेर एक लांबलचक काळी इलेक्ट्रिक गाडी येऊन लागली. हिरवी नंबरप्लेट, आवाज शून्य. पाच-सहा पोरं लगेच भोवती जमली, सेल्फी सुरू. माझ्याबरोबर बोईसरचा मित्र होता. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या जळालेल्या मोटरी वायंडिंग करून देतो, वीस-बावीस वर्षं तेच काम. त्याने गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "अरे, आत आपलीच मोटर आहे की. फक्त मोठ्या घरी दिलीय."

हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचत बसलो. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर मांडतो. शेवटी तुमच्या-माझ्या खिशाचा प्रश्न आहे, म्हणून पूर्ण वाचा.

इलेक्ट्रिक गाडी ही नवी गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. मोटारगाडीत ताशी १०० किलोमीटरचा वेग माणसाने पहिल्यांदा ओलांडला तो पेट्रोलवर नव्हे, विजेवर. २९ एप्रिल १८९९, पॅरिसजवळ. कामीय जेनात्सी नावाच्या बेल्जियन माणसाने तोफगोळ्याच्या आकाराची गाडी १०५.८८ च्या वेगाने पळवली. पण शिशाच्या बॅटऱ्या जड, चार्ज लवकर संपायचा, उलट पेट्रोल स्वस्त होत गेलं. मग विजेची गाडी रस्त्यावरून हटली.

मोटर मात्र कुठे गेली नाही. ती रुळावर गेली. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबई व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. आपल्या पश्चिम लाइनवर १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत वीज आली, १९३६ मध्ये विरारपर्यंत. आणि तिथे येऊन अडकली.

त्या लोकल १५०० व्होल्ट डीसीवर चालायच्या. विरारच्या पुढे पुष्कळ वर्षांनी तारा आल्या, पण त्या २५ हजार व्होल्ट एसीच्या. म्हणजे विरारची लोकल पुढे पालघरला येऊच शकत नव्हती. आपण शटल आणि मेमूला लटकत राहिलो. २०१२ मध्ये पश्चिम लाइनचं डीसीचं एसी करण्याचं काम पूर्ण झालं आणि एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली. नेते आले, हार-फटाके झाले, श्रेयावरून वादही झाले. मोटरीचं नाव कुणी घेतलं नाही.

आता मित्राचं म्हणणं समजून घेऊ. जुन्या लोकलची मोटर डीसी. तिला कार्बनचे ब्रश लागतात, ते झिजतात, ठिणग्या उडतात. एसी इंडक्शन मोटरीला ब्रश नाहीत. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाला तिचं पेटंट १८८८ मध्येच मिळालं होतं. बाहेरच्या तांब्याच्या गुंडाळ्यांत थ्री फेज वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि आतला रोटर त्याच्यामागे पळतो. साधी, दणकट. तुमच्या कारखान्यातला पंप यावरच चालतो. पण अडचण एक. तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला. ५० हर्ट्झवर पंप छान चालतो, पण गाडीला कधी हळू, कधी जोरात जायचं असतं.

हा तिढा सोडवला इलेक्ट्रॉनिक्सने. फ्रिक्वेन्सी हवी तशी कमी-जास्त करणारं यंत्र आलं. एमआयडीसीत ज्याला व्हीएफडी म्हणतात, तेच लोकलमध्ये आणि कारमध्ये इन्व्हर्टर. आता योगायोग बघा. २००७-०८ च्या सुमारास मुंबईत थ्री फेज एसी मोटरीचे नवे लोकल रेक धावू लागले, ब्रेक मारला की वीज परत तारेत देणारे. आणि त्याच २००८ मध्ये अमेरिकेत टेस्ला कंपनीची रोडस्टर ही स्पोर्ट्स कार गिऱ्हाइकांना मिळू लागली. तिच्यातही थ्री फेज एसी इंडक्शन मोटरच. म्हणजे कॅलिफोर्नियातला कोट्यधीश आणि मुंबईचा सेकंड क्लासचा पासधारक साधारण एकाच वेळी एकाच जातीच्या मोटरीवर बसले.

पुढे कारची मोटर थोडी बदलली. रोटरमध्ये निओडिमियमचे शक्तिशाली चुंबक बसवले. मोटर लहान झाली, तापणं कमी झालं, तेवढ्याच बॅटरीत गाडी जास्त लांब जाऊ लागली. आज बहुतेक महागड्या गाड्यांत हीच मोटर असते. याचं टोक बघायचं तर बाहेर जायला नको. कांदिवलीत ज्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे त्या महिंद्रांनी २०१५ मध्ये इटलीची पिनिनफरिना विकत घेण्याचा करार केला आणि २०१९ मध्ये जिनिव्हाला 'बत्तिस्ता' ही गाडी दाखवली. चार चाकांना चार मोटरी, मिळून १९०० हॉर्सपॉवर. शून्यापासून १०० चा वेग १.८६ सेकंदांत. तंत्र बरंचसं क्रोएशियाच्या रिमाक कंपनीचं. २०२२ मध्ये नारायण कार्तिकेयनने इंदूरजवळच्या नॅट्रॅक्स ट्रॅकवर ती पळवली. किंमत वीस लाख युरोच्या घरात, साऱ्या जगासाठी फक्त १५० गाड्या काढायचं ठरलं.

मग बाजार आहे का? इथे गंमत आहे. २०२४ मध्ये खुद्द मेट रिमाकने सांगून टाकलं की अतिश्रीमंतांना विजेची सुपरकार फारशी नको आहे. त्यांना इंजिनाचा आवाज हवा. पोर्शेच्या टायकान या इलेक्ट्रिक गाडीचा खप त्याच वर्षी निम्म्यावर आला. उलट महिंद्रांनी चाकणला बनवलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांना १४ फेब्रुवारी २०२५ ला पहिल्याच दिवशी ३०,१७९ बुकिंग मिळाली. या गाड्यांच्या किमती वीस-तीस लाखांच्या आसपास. म्हणजे बाजार मधल्या थरात आहे, कोटीच्या वरचा थर अगदी पातळ आहे.

आणि आता खिशाचा प्रश्न. १० मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात अजित पवारांनी ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला. त्याच महिन्यात मुख्यमंत्री फडणवीसांनी विधान परिषदेत तो मागे घेतला. कारण दिलं की यातून फार पैसा येणार नाही आणि इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल चुकीचा संदेश जाईल. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. छोट्या पेट्रोल कारवर १८ टक्के, इलेक्ट्रिकवर ५ टक्के, मग ती दहा लाखांची असो की दीड कोटीची. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ. आपला खानिवडे आणि चारोटीचा टोल राष्ट्रीय महामार्गाचा, तो यात नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं की नवं तंत्र आधी श्रीमंत घेतो, मग स्वस्त होऊन गरिबापर्यंत येतं. मोबाईलचं तसं झालं, मान्य. पण मोटरीचा इतिहास उलटा आहे. ती सार्वजनिक पैशाने, सेकंड क्लासच्या डब्याखाली पिकली. श्रीमंताच्या गाडीत ती खूप नंतर गेली. म्हणून सवलतीचा पहिला हक्क कुणाचा, हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही. एसटीची पहिली 'शिवाई' ई-बस १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर धावली. जव्हार-मोखाड्याच्या घाटात पोरं अजून खडखडत्या लाल डब्यातूनच कॉलेजला येतात.

शेवटचा मुद्दा. ते निओडिमियमचे चुंबक बहुतांश चीनमध्ये बनतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर बंधनं घातली आणि काही महिन्यांत आपल्या पुण्याच्या बजाजलाही चेतकचं उत्पादन सांभाळणं जड गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशात चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. समुद्राच्या वाळूतून ही दुर्मीळ खनिजं काढणारी सरकारी आयआरईएल कंपनी ज्या अणुऊर्जा विभागाची, त्याच विभागाचा आपला तारापूरचा प्रकल्प. विजेसाठी १९६९ पासून हा किनारा राबतोय. पोफरण आणि अक्करपट्टीने गावं दिली. वीज गेली, गावं गेली, आता मोटरीचं काम तरी इकडे येऊ दे.

माझं मागणं छोटं आहे. ३० लाखांवरच्या गाड्यांवरचा तो ६ टक्के कर परत आणा आणि तो पैसा एसटीच्या ई-बसला द्या. आणि आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक गाडीची मोटर आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचा वर्ग सुरू करा. तांबं गुंडाळणारे हात बोईसरला आहेतच.

मित्राला विचारलं, ही गाडीची मोटर जळली तर तू करशील का रे? म्हणाला, "वायंडिंग करीन. पण ते चुंबक कसे हाताळायचे आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स कसं चालतं, ते कुणी शिकवलंच नाही. शिकवा, उद्यापासून करतो."

आमदार-खासदारांचे कार्यकर्ते ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. त्याचं हे वाक्य साहेबांपर्यंत पोचवा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा.