टाळूची खिडकी



बाळाला न्हाऊ-माखू घालताना आपण टाळूवर तेल घालतो. हाताखाली ती मऊ जागा धडधडते. आजी सांगते, "जपून गं, टाळू अजून भरली नाही." आज याच टाळूची गोष्ट ऐकू या. डॉक्टरांना बाळाच्या मेंदूत डोकावायला हीच खिडकी सापडली, पण ती सापडायला बरीच वर्षं गेली.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाचा खेळ. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तसंच. फक्त हा आवाज इतका बारीक असतो की आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो अंगात जातो, आपटून परत येतो आणि मशीन त्याचं चित्र काढतं.

ऑस्ट्रियाचे डॉक्टर कार्ल डुसिक यांनी १९४२ साली या आवाजाने मोठ्या माणसाचा मेंदू पाहण्याचा प्रयत्न छापून आणला. पुढे कळलं की चित्रात दिसत होतं ते बरंचसं कवटीच्या हाडामुळेच. हाड आवाजाला नीट आत जाऊ देत नाही. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी पोटातल्या गाठी आणि गर्भ यांची चित्रं छापली. सोनोग्राफी पोटात रुळली, मेंदू मात्र हाडाआड राहिला.

इकडे काचेच्या पेटीमुळे, नव्या उपचारांमुळे दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं जगू लागली होती. अशा बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. पहिल्या तीन-चार दिवसांत तिथे रक्तस्राव होऊ शकतो. १९७८ साली अमेरिकेत डॉ. लू-ॲन पपाईल आणि सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांचं सीटी स्कॅन केलं. २० बाळांच्या मेंदूत रक्तस्राव निघाला. जी २९ बाळं जगली, त्यांतल्या ९ जणांना तो होता. आणि या ९ पैकी ७ बाळांत बाहेरून काही खूणच नव्हती! आईला कळणार नाही, नर्सलाही कळणार नाही.

पण सीटीसाठी नाजूक बाळाला उचलून मशीनपाशी न्यावं लागतं, क्ष-किरणही लागतात. मग डॉक्टरांचं लक्ष टाळूकडे गेलं. तिथे हाड नाही, म्हणजे आवाजाला वाट मोकळी. १९८० च्या आसपास टाळूवरून सोनोग्राफी रुळली. मशीन चाकांवरून बाळापाशी येतं. टाळूवर थोडं जेल लावतात, यंत्राचं टोक हलकेच टेकवतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. गरज पडेल तेव्हा पुन्हा करता येते.

१९८० च्या दशकात जपानमध्ये काझुनोरी बाबा यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने गर्भाचं त्रिमितीय चित्र तयार केलं. पुढे ही युक्ती नवजात बाळाच्या मेंदूसाठीही आली. साधी सोनोग्राफी म्हणजे पावाचा एकेक काप पाहणं. त्रिमितीय म्हणजे अख्खा पाव साठवून मग हवा तसा कापणं. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या किती फुगल्या, ते मोजायला याचा उपयोग होतो. तरी बहुतेक ठिकाणी साधी सोनोग्राफीच रोजचं काम करते, आणि चांगलं करते.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की बाई दचकते, आणि ते खोटं नाही. याच मशीनने पोटातल्या मुली शोधून मारल्या गेल्या. म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ साली तो देशभरासाठी झाला. पण टाळूवरची तपासणी जन्मलेल्या बाळाची असते, मुलीची आणि मुलाची सारखीच. मशीन तेच, हेतू वेगळा. तेव्हा मुलगी आहे म्हणून ही तपासणी टाळू नका.

गटातल्या कुणाचं बाळ लवकर जन्मलं, तर डॉक्टरांना विचारा, "टाळूवरची सोनोग्राफी कधी करणार? परत कधी यायचं?" आजारी नवजात बाळाच्या तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. टाळू फुगली, डोकं भराभर वाढलं, झटके आले किंवा बाळ दूध ओढेना, तर तेल घालत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

टाळू दीड-दोन वर्षांत भरते. खिडकी बंद होते. उघडी आहे तोवर आत पाहून घ्यावं, एवढंच सांगणं.