समुद्र ओलांडला म्हणजे जात सुटते का?

आपल्या वस्त्यांमध्ये, वसतिगृहांमध्ये, समाजमाध्यमांवरच्या आपल्या गटांमध्ये हल्ली एक वाक्य सारखे ऐकू येते: "इथे काही खरं नाही, बाहेर निघून जावं." त्यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले देशभक्तीच्या मक्तेदारांचे. सरकारच्या पैशाने शिकता आणि परदेशात जाऊन देशाची बदनामी करता, असे ते म्हणतात. यांची स्वतःची मुले तीन पिढ्यांपासून कॅलिफोर्नियात आहेत, ते सोडा. दुसरे उत्तर आपल्याच माणसांचे असते. तिकडे जात विचारत नाहीत, माणसाला माणूस म्हणून वागवतात, म्हणून संधी मिळताच निघावे, असे ते सांगतात. पहिले उत्तर खोटे आहे, त्यावर वेळ घालवण्याची गरज नाही. दुसरे अर्धे खरे आहे, आणि त्यातले खरे किती हे पाहायचे तर इतिहासात जावे लागते.

समुद्र ओलांडला की माणूस बाटतो, हा नियम कोणासाठी होता? ज्यांना बाटण्याइतके पावित्र्य शास्त्राने दिले होते त्यांच्यासाठी. विलायतेहून आलेल्या सवर्णाला प्रायश्चित्त घ्यावे लागे. ज्याची सावलीसुद्धा अपवित्र ठरवली होती, त्याला समुद्र काय बाटवणार? ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर भरून जहाजे मॉरिशसला जाऊ लागली. पुढे गयाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरीनाम, फिजी. पाच वर्षांच्या करारावर, म्हणजे 'ॲग्रीमेंट'वर गेलेला तो गिरमिटिया. एकट्या मॉरिशसमध्ये साडेचार लाखांच्या आसपास माणसे उतरली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात.

हे सगळे दलित नव्हते. दुष्काळ, कर्ज आणि दलालाच्या थापा यांनी सगळ्या जातींची माणसे गोळा केली. पण जहाजावर जे घडले ते आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. एका भटारखान्यात शिजलेले अन्न, एका पिंपातले पाणी, रात्रंदिवस शेजारी शेजारी झोपणे. गावात ज्याचा विटाळ होत होता त्याच्या मांडीला मांडी लावून कित्येक आठवडे काढावे लागले. त्या प्रवासातून 'जहाजी भाई' हे नवे नाते जन्माला आले. गयाना-त्रिनिदादमध्ये रोटी-व्यवहाराची आणि धंद्याची उतरंड दोन-तीन पिढ्यांत मोडून पडली, कारण मळ्यावर सगळ्यांच्या हाती एकच कोयता होता. ब्राह्मणाचे स्थान मात्र पूजापाठातून परत उभे राहिले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

मग गिरमिटियांचे जीवन चांगले होते का? मुळीच नाही. कामावर गैरहजर राहिले तर तुरुंग, दवाखान्यात पडले तर पगार कापला जाई, आणि बायकांचे हाल वेगळेच. तरीही मॉरिशसला गेलेल्यांपैकी बहुसंख्य परतले नाहीत. काहींकडे भाडे नव्हते, काहींनी तिथे जमिनी घेतल्या. जे परतले त्यांच्यातल्या अनेकांना गावाने आणि जातीने घेतले नाही. १९२० च्या दशकात फिजी आणि गयानाहून आलेली अशी माणसे कलकत्त्याजवळ मटियाबुर्जमध्ये अडकून पडली होती आणि आम्हाला परत मळ्यांवर पाठवा म्हणून विनवत होती. गुलामगिरीच्या सावलीतला मळा ज्यांना मातृभूमीपेक्षा बरा वाटला, त्यांच्या देशप्रेमावर शंका घेण्याआधी त्या मातृभूमीने त्यांना काय दिले ते विचारा.

आता पंजाबकडे वळू. मंगूराम मुगोवालिया हे नाव महाराष्ट्रातल्या आपल्या तरुणांना फारसे माहीत नसते. होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवाल गावच्या चामड्याचा व्यापार करणाऱ्या चर्मकार कुटुंबात १८८६ साली त्यांचा जन्म झाला. शाळेत इतरांपासून वेगळे बसून ते शिकले. १९०९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि कॅलिफोर्नियाच्या मळ्यांमध्ये फळे तोडू लागले. त्याच भागातले जमीनदार जातीचे पंजाबीही तिथेच मजुरी करत होते. गोऱ्या मालकाला दोघांतला फरक कळत नव्हता. त्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच 'हिंदू', सारखेच तुच्छ. हा वंशवादच होता, पण त्या वंशवादाने त्या काळापुरती जात झाकून टाकली. मंगूराम गदर पक्षात गेले, शस्त्रांच्या मोहिमेवर निघालेल्या 'मॅव्हरिक' जहाजावर होते, पुढची कित्येक वर्षे फिलिपाइन्समध्ये काढली आणि १९२५ मध्ये घरी परतले.

ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी जीव धोक्यात घातला, त्या देशात गावाची विहीर अजून बंदच होती. अमेरिकेत आपल्याला बरोबरीची वागणूक मिळाली, इथे मात्र काहीच बदलले नाही, हे त्यांनी पुढे स्पष्ट सांगितले. परतल्यावर वर्षभरात, जून १९२६ मध्ये, त्यांनी आदधर्म चळवळ उभी केली. १९३१ च्या जनगणनेत पंजाबात चार लाखांहून जास्त लोकांनी आपला धर्म 'आदधर्म' नोंदवला. परदेशाने मंगूराम यांना पैसा फारसा दिला नाही. अस्पृश्यता हा निसर्गनियम नाही याचा पुरावा दिला, तोही स्वतःच्या अंगावर अनुभवलेला.

बाबासाहेबांची गोष्ट आपण सगळे जाणतो, पण ती नेहमी पदव्यांच्या यादीसारखी सांगतो. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. म्हणजे बाबासाहेब अमेरिकेला कर्जदारासारखे गेले होते. कोलंबियात त्यांनी काय मिळवले? ग्रंथालय, सेलिग्मन आणि ड्युईसारखे शिक्षक, आणि आपण अस्पृश्य आहोत हे विसरून जगण्याची काही वर्षे.

१९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्यात उतरले तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून नाव नोंदवून एका पारशी खानावळीत राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक दारात आले. परदेशातल्या मुक्कामाने अस्पृश्यतेची जाणीव पुसून टाकली होती, बडोद्याच्या स्टेशनवर ती परत आली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हे ज्या आठवणींत आहे त्यांचे शीर्षक 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. दूतावासाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुलामुलींनी ते पुस्तक जरूर वाचावे. त्यातले प्रसंग गोरेगावचे, दौलताबादचे, बडोद्याचे आहेत. तिथला व्हिसा स्वतःच्याच देशात माणूस म्हणून शिरण्याचा आहे.

कोलंबियातच ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी ज्ञानकोशकार केतकरांचे एक निरीक्षण उचलून धरले. हिंदू जगात इतरत्र पसरले तर जातीचा प्रश्नही जगाचा होईल, असा त्याचा आशय. त्या वेळी अमेरिकेत भारतीय इतके थोडे होते की कोणाला हे अतिशयोक्त वाटले असते. पुढच्या शंभर वर्षांनी ते खरे केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जालंधर-दोआबातले दलित इंग्लंडला गेले. वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्डच्या ओतशाळांत आणि कारखान्यांत त्यांनी कामे केली. भट्टीसमोर सगळे सारखे होते, पण गुरुद्वारात, लग्नात, दारूच्या गुत्त्यात जात परत भेटली. म्हणून त्यांनी स्वतःच्या रविदास सभा, आंबेडकरी आणि बौद्ध संघटना उभ्या केल्या. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीची तरतूद करण्याचा मार्ग ठेवला गेला तो या लोकांच्या रेट्यामुळे. २०१३ मध्ये संसदेने सरकारवर ते बंधनकारक केले, आणि २०१८ मध्ये सरकारने हिंदू संघटनांच्या विरोधानंतर माघार घेतली. दरम्यान, भारतातून नेलेल्या एका आदिवासी मोलकरणीने न्यायाधिकरणात लढून २०१५ मध्ये १,८३,७७३ पौंड थकीत वेतन मिळवले. तिला दिवसाला अठरा तास राबवून तासाला ११ पेन्स दिले जात होते. राबवणारे भारतीयच होते.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने शिकलेल्यांसाठी दार उघडले, म्हणून तिथे गेली ती मुख्यतः शिक्षणावर ज्यांची आधीपासून पकड होती ती जात. मंगूराम यांच्या काळात गोरा मालक जात ओळखत नव्हता. आजचा मॅनेजर ओळखतो, कारण तो आयआयटीत आपल्याच वर्गात होता आणि प्रवेशाची यादी त्याला पाठ आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारने सिस्को कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यातला आरोप नेमका हाच होता. कंपनीने तो नाकारला, आणि २०२३ मध्ये दोन अभियंत्यांविरुद्धचा भाग मागे घेतला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक गव्हर्नरने ऑक्टोबरमध्ये परत पाठवले. तिकडच्या जातिभेदाचे आकडे आपल्याकडे फार फिरवले जातात. ते ज्या पाहणीतून येतात ती स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची होती, म्हणून मी त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवत नाही. ठेवायची गरजही नाही. ज्याचा एच-१बी व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, तो जातभाईंनी भरलेल्या टीमविरुद्ध तक्रार किती वेळा करेल? नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडण्याची वेळ येते.

आणि हे पदवीधरांचे झाले. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' येते, आणि त्याची वाट बहुतेक आखाताकडे जाते. तिथे कफाला पद्धतीत मजूर मालकाच्या नावावर बांधलेला असतो. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून सुमारे पन्नास जण गेले, त्यांतले पंचेचाळीस भारतीय होते. गिरमिट कायद्याने संपून शंभर वर्षे झाली आहेत.

म्हणजे जाऊ नये का? जरूर जावे. जिथे आपल्याला ओळखणारी जात नाही तिथे माणसाला श्वास मिळतो, हे मंगूराम आणि बाबासाहेब दोघांच्याही आयुष्यात दिसते. पण जिथे भारतीयांची वस्ती, देऊळ आणि भरतीची साखळी आधीच पोचली आहे तिथे जात विमानतळावर घ्यायला आलेली असते. तिथे टिकायला एकट्याची पदवी पुरत नाही, संघटना लागते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या ओतशाळेतल्या कामगारांना हे सिलिकॉन व्हॅलीतल्या अभियंत्यांच्या आधी कळले होते.

आपल्या राज्यकर्त्यांनाही यातले काहीतरी कळले असावे. अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी पाठवणारी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. तिच्या २०२२-२३ च्या नियमांत एक नवे कलम आले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे संशोधनाचे विषय असतील तर शिष्यवृत्ती नाही. कारण असे दिले की त्यासाठी परदेशात जाण्याची गरजच काय. बाबासाहेबांचा १९१५ चा एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर होता आणि १९१६ चा निबंध भारतातल्या जातींवर. या नियमाखाली दोन्हींचे अर्ज फेटाळले गेले असते.