शर्यतीचा संघ आणि कारखान्याचा मालक

कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा कारखाना आहे. मुंबईच्या उपनगरांत हे नाव प्रामुख्याने ट्रॅक्टर आणि जीपशी जोडले गेले आहे. मात्र याच उद्योगसमूहाचा संघ २०१४ पासून, म्हणजे पहिल्या हंगामापासून, 'फॉर्म्युला ई' या विजेवर धावणाऱ्या मोटारींच्या जागतिक शर्यतीत उतरत आहे. मोटार उत्पादकांनी शर्यतीच्या क्षेत्रात मिळविलेल्या वर्चस्वाचे हे भारतीय उदाहरण होय.

उत्पादक आणि शर्यत यांचे नाते जुनेच आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद स्पर्धेवर आरंभी अल्फा रोमिओ, फेरारी व मर्सिडीज यांची छाप होती. पुढे लोटस, मॅक्लारेन, विल्यम्स यांसारख्या ब्रिटिश संघांनी विकत घेतलेल्या इंजिनांच्या बळावर विजेतेपदे मिळविली. उत्पादक त्या काळात मुख्यतः इंजिन पुरवीत. संघाची मालकी दुसऱ्याकडे असे.

२००० च्या सुमारास हे चित्र पालटले. फोर्डने १९९९ मध्ये स्टुअर्ट संघ विकत घेऊन त्याला जॅग्वार हे नाव दिले. रेनोने बेनेटन घेतला, टोयोटाने २००२ मध्ये स्वतःचा संघ उतरविला, तर बीएमडब्ल्यूने सॉबरचा आणि होंडाने बारचा ताबा मिळविला. शर्यतीच्या उत्पन्नातील वाटा वाढावा, यासाठी बीएमडब्ल्यू, डेमलर-क्रायस्लर, फियाट, फोर्ड आणि रेनो यांनी स्वतंत्र स्पर्धा काढण्याचा इशाराही दिला होता.

पैशाबरोबर अनिश्चितताही आली. संघाचे भवितव्य आता शर्यतीच्या निकालावर नव्हे, तर कंपनीच्या ताळेबंदावर ठरू लागले. फोर्डने २००४ मध्ये जॅग्वार संघ विकला. जागतिक मंदीत होंडाने २००८ च्या अखेरीस, तर बीएमडब्ल्यू आणि टोयोटाने २००९ मध्ये माघार घेतली.

भारतीय उद्योगांचा सहभाग आरंभी प्रायोजकत्वापुरता होता. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयनच्या मोटारीवर टाटांचे नाव झळकले. पण संघ जॉर्डन आणि इंजिन टोयोटाचे होते. महिंद्राने त्यापुढचे पाऊल टाकले. २०११ मध्ये मोटारसायकल शर्यतींतून सुरुवात करून समूहाने फॉर्म्युला ईमध्ये थेट संघच उभारला. पहिल्या हंगामात सर्व संघांच्या मोटारी सारख्याच होत्या. २०१५-१६ पासून विद्युत मोटर आणि तिच्याशी निगडित यंत्रणा स्वतः विकसित करण्याची मुभा मिळाली आणि उत्पादकांचे महत्त्व वाढले. बॅटरी मात्र सर्वांना समान राहिली. फेलिक्स रोझेनक्विस्टने २०१७ मध्ये बर्लिन येथे महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला.

ऑडी आणि बीएमडब्ल्यूने २०२१ नंतर, तर मर्सिडीजने २०२२ नंतर या स्पर्धेतून अंग काढून घेतले. महिंद्राने मात्र तिसऱ्या पिढीच्या मोटारीसाठी २०२० मध्ये सर्वांत आधी नोंदणी केली होती. तथापि, याच समूहाने २०१७ च्या अखेरीस मोटारसायकलींच्या मोटो-३ स्पर्धेचा निरोप घेतला होता, हेही विसरता येत नाही.

उत्पादकावरील अवलंबित्व म्हणजे काय, याचा प्रत्यय फेब्रुवारी २०२३ मध्ये केपटाऊनला आला. एब्ट संघ त्या हंगामात महिंद्राची यंत्रणा वापरत होता. मागील सस्पेन्शनच्या सुरक्षिततेविषयी शंका निर्माण होताच महिंद्राच्या दोन मोटारी मागे घेण्यात आल्या. त्यांच्याबरोबर एब्टच्या दोन मोटारींनाही शर्यतीबाहेर राहावे लागले. त्याच महिन्यात हैदराबादच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ईची भारतातील पहिली शर्यत झाली होती.

उत्पादकांमुळे खेळाला पैसा, संशोधन आणि प्रतिष्ठा लाभते. परंतु त्यांच्याकडे शर्यत हे साध्य नसते, विक्री आणि तंत्रज्ञान यांचे साधन असते. त्यामुळे संघाची खरी ताकद जोखताना मोटारीच्या वेगाइतकाच मालकाचा निर्धारही पाहावा लागतो.